खाली राहिलेला झेंडा

गोल झाला आणि बचावातल्या चौघींचे हात एकदम वर गेले. पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या रिशार्दचाही गेला. रिशार्द फोरबर्गच्या या बायकांच्या फुटबॉल संघाचा कोच. पण माणूस हाडाचा डिफेंडर. आधी पोलंडमध्ये आणि मग इथे नेदरलँड्समध्ये त्याने उभी हयात बचावात काढलेली. आपल्यावर गोल झाला की त्याचा उजवा हात ऑफसाइड मागायला, म्हणजे गोल रद्द करा म्हणायला, आपोआप वर जातो. घरी टीव्हीसमोरसुद्धा जातो, असं त्याची बायको सांगते.

वर गेला नाही तो फक्त पुष्करचा झेंडा.

हौशी सामन्यांना इथे बाहेरून एकच पंच येतो. लाइन्समन ज्याचा त्याने आणायचा, आणि आपला लाइन्समन आपल्या बाजूनेच झेंडा दाखवणार, हे सगळ्यांनी हसतखेळत मान्य केलेलं. समोरच्या संघाच्या टकल्या लाइन्समनने तर सकाळपासून झेंडा खाली घेतलाच नव्हता. पुष्कर एरवी हेगमधल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर बघायचा. हे काम त्याच्या गळ्यात पडलं ते संपदाचा नवरा म्हणून. बायको मैदानात घाम गाळतेय आणि हा थर्मास धरून नुसता उभा, हे रिशार्दला बघवत नव्हतं.

सामना संपत आला होता. एक-एक अशी बरोबरी टिकली असती तर संघ खालच्या गटात घसरला नसता, आणि रिशार्द ताठ मानेने निवृत्त झाला असता. त्याचा हा शेवटचा सामना होता. कॅन्टीनमध्ये केकसुद्धा येऊन पडला होता.

पंचाने पुष्करकडे पाहिलं. झेंडा वर करायचाच काय तो अवकाश होता. पण पुष्करला नको ते दिसलं होतं. बॉल सुटायच्या आत चौघींनी मिळून एक पाऊल पुढे टाकायचं, म्हणजे समोरची खेळाडू ऑफसाइडमध्ये अडकते, हा रिशार्दचा सगळ्यात आवडता धडा. तिघींनी पाऊल टाकलं. चौथी मागे राहिली, आणि ती चौथी संपदा होती.

झेंडा मांडीला चिकटवून पुष्कर तसाच उभा राहिला. पंचाने गोल दिला.

कर्णधार मार्लूस धावत त्याच्या अंगावर आली. "तू नक्की कोणाचा आहेस?" तिने इंग्रजीत विचारलं. इतकी वर्षं या गावात राहून हा प्रश्न पुष्करला कोणी इतका सरळ विचारला नव्हता.

लगेच शेवटची शिट्टी झाली. संपदा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आली आणि मागे मीच राहिले होते, असं तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मग नवऱ्याला हळूच मराठीत म्हणाली, "तुझ्याशी घरी गेल्यावर बोलते." रागावून की कसं, ते पुष्करला कळेना. पण ती त्याच्या शेजारीच उभी राहिली.

तोवर रिशार्द दुखरा गुडघा ओढत अख्खं मैदान ओलांडून आला होता. त्याने आधी झेंड्याकडे पाहिलं, मग पुष्करकडे.

"तिचं पाऊल मलाही दिसलं होतं," तो म्हणाला.

मग हात का वर केला, असं पुष्करने चाचरत विचारलं. सवय, रिशार्द म्हणाला. आणि तू झेंडा दाखवला असतास तर मी ऑफसाइड खुशाल घेतला असता, हेही त्याने लपवलं नाही.

तेवढ्यात समोरचा कोच हात मिळवायला आला. जिंकल्यामुळे गडी भलताच खुशीत होता. पुष्करकडे बोट दाखवून त्याने हसत हसत विचारलं, की हा लाइन्समन नक्की कोणाचा?

मार्लूसने मान खाली घातली. रिशार्द गुडघा विसरून ताठ उभा राहिला. मघाचा तोच उजवा हात त्याने पुष्करच्या खांद्यावर ठेवला.

"आमचा," तो म्हणाला.