साहेबांची पाहणी

टोआदेरने फाटकासमोरच्या खड्ड्यात खडी ओतली, तशा सरपंचबाई वियोरिका ओरडतच आल्या. "आजोबा, फावडं ठेवा! तुमच्यापायी गावाचं वाटोळं झालंय!"

"का? आपल्या फाटकासमोरचा रस्ता आपणच बघायचा, हे बापजाद्यांपासून चालत आलंय."

"तेच नडतंय! दुरुस्तीला सरकारकडे दमडी नाही. पैसा मिळतो तो नव्या रस्त्याला, तोही जुना पार मोडलेला दिसला तर. दरवेळी बुखारेस्टचे साहेब तुमच्या दारापर्यंत येतात, 'चालतोय की अजून!' म्हणतात आणि जातात. गुरुवारी परत येतायत."

टोआदेरने कपाळावर हात मारला. मग सगळं गाव कुदळी घेऊन बाहेर पडलं, पाद्रीबाबासुद्धा झगा खोचून. उरलंसुरलं डांबर उखडून टाकलं.

गुरुवारी साहेबांची गाडी वेशीवरच रुतली. घोडे लावून ओढून काढली, तसे ते तिथूनच माघारी फिरले. संध्याकाळी सरपंचबाईंच्या फोनवर निरोप आला: 'रस्त्याअभावी पाहणी झाली नाही. अर्ज नामंजूर.'

टोआदेर फावडं घेऊन निघाला.

"आता कुठे, आजोबा?"

"खड्डे बुजवायला. साहेबांना पाहणीला यायला रस्ता नको?"