शरयूकाकूंचा डबा

स्टीलचा डबा आत चालणार नव्हता. बांगड्या, कानातलं, चष्मा सगळं निमूटपणे लॉकरमध्ये गेलं होतं. डबा मात्र शरयूकाकूंनी मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.

"काकू, आत मॅग्नेट आहे. मेटल नाही चालत," प्रणिता म्हणाली. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या या सेंटरमध्ये ती नऊ वर्षं एमआरआय काढत होती. एवढ्या वर्षांत तपासणीला लाडू घेऊन कुणी आलं नव्हतं.

"तुझ्यासाठीच आणलेत. अपॉइंटमेंटच्या फोनवर मराठीत बोललीस ना, तेव्हाच ठरवलं. रव्याचे आहेत."

"थँक यू काकू, पण मी पेशंटकडून काहीच घेत नाही. ख्रिसमसला लोक चॉकलेट्स आणतात, तीसुद्धा परत देते. रूल म्हणजे रूल." हे ती हसत म्हणाली, पण मनापासून म्हणाली. या काटेकोरपणावरून सेंटरमध्ये तिची भरपूर चेष्टा होत असे आणि तिचं काही बिघडत नसे.

काकू हसल्या नाहीत. गुरुवारी ऑपरेशन होतं. डावीकडची गाठ लहान होती, वेळेत सापडली होती. एमआरआयमध्ये तेवढीच दिसली तर फक्त गाठ काढू, असं सर्जन म्हणाले होते. आणखी कुठे काही निघालं तर तारीख पुढे जाणार होती आणि बहुधा पूर्ण स्तन काढावा लागणार होता.

"सौमित्र म्हणतो, आई, या वयात काय फरक पडतो." सौमित्र म्हणजे बाहेर लॅपटॉप उघडून बसलेला मुलगा. "त्याला नसेल पडत. मला पडतो. माझं आहे ते."

प्रणिताने संमतीचा फॉर्म पुढे केला. "रिपोर्ट उद्या डॉक्टर सांगतील काकू. मला काही विचारू नका हं, आम्हाला अलाउड नाहीये."

"विचारतच नाही. तू तोंडसुद्धा उघडू नकोस. झालं की मी डबा पुढे करीन. सगळं ठीक असेल तर एक लाडू उचल. लाडू खाल्ला म्हणून काही तुझी नोकरी जायची नाही."

प्रणिताने नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नसावं. डबा खुर्चीवर राहिला.

आत काकू टेबलावर पालथ्या झोपल्या, हात डोक्यापुढे, दंडात सुई. हलायचं नाही म्हटल्यावर खरोखरच हलल्या नाहीत. अर्धा तास मशीन ठोकाठोक करत राहिलं.

काचेपलीकडे प्रणिता स्क्रीनसमोर बसली होती. औषध शिरेतून गेलं आणि वरच्या बाजूला गाठ उजळली. ती दिसणारच होती. मग खाली, चांगलं चार बोटं अंतरावर, आणखी एक ठिपका उजळला. ज्वारीच्या दाण्याएवढा. निदान करणं हे प्रणिताचं काम नव्हतं, पण नऊ वर्षांत नजर तयार झाली होती आणि नजरेला नियम लावता येत नाहीत. तिला फार वाईट वाटलं. तिने इमेजेस डॉक्टरांकडे पाठवल्या आणि टेबल बाहेर घेतलं.

काकू कपडे बदलून आल्या. कपाळावर उशीचा वळ उमटला होता. त्यांनी चष्मा लावला, डबा उघडला आणि काही न बोलता पुढे धरला.

घेतला नाही तर सांगितल्यासारखं होतं. घेतला तर खोटं. डॉक्टरांचा फोन उद्या येणारच होता. तोवर एक रात्र तरी या बाईला झोप लागू दे, असं प्रणिताला वाटलं. तिने लाडू उचलला आणि तिथेच उभ्याउभ्या खाल्ला, वरच्या बेदाण्यासकट.

"मस्त झालेत, काकू."

काकूंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. झाकण लावलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि बाहेर गेल्या.

प्रणिता टेबलावरची चादर बदलायला लागली. दार नीट लागलं नव्हतं.

"झालं? काय म्हणाली ती?" सौमित्रचा आवाज आला.

"काही नाही. लाडू खाल्ला."

"मग ऑल गुड ना! घरून निघताना तूच म्हणालीस, खाल्ला तर सगळं ठीक."

"नाही रे," काकू म्हणाल्या. "चॉकलेट्ससुद्धा परत देणारी पोर ती. ठीक असतं तर नको म्हणाली असती."