मधला शब्द

पडद्यावर ‘फेल’ उमटलं आणि प्रमोदिनीबाईंचा हात कीबोर्डवर तसाच राहिला.

समोर जागेश्वर उभा होता, अनवाणी. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढूनच जावं लागे. देवळात एखादा विसरला तर खपून जायचं, इथं शिपाई अंगावर यायचा. अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. महाल भागातल्या त्या कॉलेजात एसी होता तो फक्त या मशीनला. प्राचार्य बिचारे कूलरवर भागवत. मशीन म्हणायला नवलाईचं, पण मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसनं वापरून वापरून काढून टाकलेलं. तरी दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार मिळाला होता. काय दिवस होते ते!

जागेश्वरच्या मागे तारा, त्याची थोरली पोरगी. बी.ए.चं पहिलं वर्ष. निकाल दुसऱ्या दिवशी बोर्डावर लागणार होता. त्याचे कागद प्राचार्यांच्या कपाटात, आणि प्राचार्य गावाला. पण जागेश्वरला धीर नव्हता. उमरेडचे पाहुणे त्याच संध्याकाळी यायचे होते. त्यांना त्यानं सांगून ठेवलं होतं: पोरगी पास झाली तर शिकेल, नापास झाली तर याच महिन्यात अक्षता. घरचा हातमाग बंद पडल्यापासून तो हिंगण्याच्या कारखान्यात जात होता. चारचौघांत दिलेला शब्द, एवढीच ऐट आता त्याच्याकडे उरली होती. म्हणून अर्धी पाळी बुडवून तो प्रमोदिनीबाईंपुढे हात जोडून उभा राहिला. कॉम्प्युटरचं काम कॉलेजात त्या एकट्याच करत. बाईंना दया आली. त्यांनी ताराचा नंबर टाकला.

मशीन कर्र कर्र करत बसलं. आठवडाभर ते असंच कण्हत होतं. मग इंग्रजीत दोन ओळी आल्या. वरची ओळ कोण वाचतो? निकाल म्हटला की नजर आधी पास-नापासवरच पडते. खालच्या ओळीत तीन शब्द होते: अबॉर्ट, रिट्राय, फेल.

“काय म्हणते, बाई?”

प्रमोदिनीबाई उगीचच चष्मा पुसत राहिल्या. “फेल म्हणतंय हो.”

तारा भिंतीला टेकली आणि तिनं डोळे मिटून घेतले. नळावरून पाणी आणून, सगळ्यांच्या भाकरी थापून मग ही पोरगी पुस्तक उघडायची. नेमकं आत्ताच जागेश्वरला ते आठवलं.

तो पुढे झाला आणि पडद्याकडे बघू लागला. सुताच्या गठ्ठ्यांवरचे छाप बघून बघून इंग्रजी अक्षरं त्याच्या ओळखीची झाली होती. अर्थाची बोंब होती.

“बाई, इथं तं तीन शब्द दिसून राहिले. तुम्ही शेवटचाच काहून धरता? बाकीचे काय म्हणतात?”

पहिला शब्द बाईंनी साफ गाळला. गर्भपाताचा तो शब्द पुरुषमाणसापुढे उच्चारावा असं त्यांना वाटेना. “मधला रिट्राय,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पुन्हा बसा.”

“हे मशीननं सांगतलं? नापास पोरीले?”

“हो. लिहिलंय ना.”

जागेश्वरनं पडद्यावरच्या त्या मधल्या शब्दावर बोट ठेवलं. “तारे, आयकलं काय वं? लोखंडाले समजते, तुह्या बापाले नाही समजलं. तू पुन्हा बसजो. लग्नाचं मंग पाहू.”

तारा तेव्हा कुठे रडली. अगदी हुंदके देऊन. प्रमोदिनीबाईंनीही पदर डोळ्याला लावला.

तेवढ्यात विश्वनाथ आला. सीताबर्डीच्या दुकानातला हा मेकॅनिक. मशीनच्या कण्हण्यासाठी बाईंनीच सकाळी त्याला फोन केला होता. त्यानं पडदा पाहिला, सगळी हकिगत ऐकली आणि कपाळावर हात मारला.

“अहो बाई, हा निकाल नाही! मशीन स्वतःचंच दुखणं सांगून राहिलं. आतली डिस्क त्याला वाचता येत नाहीये. काम थांबवू, पुन्हा पाहू, की सोडून देऊ, असं विचारते ते आपल्याला.” त्यानं दोनदा बटण दाबून पाहिलं. दोन्ही वेळा कर्र कर्र, आणि तेच तीन शब्द. “गेली ही. जेवढं निघेल तेवढं फ्लॉपीवर काढून घेतो.”

“मंग माही पोरगी?”

“पास की नापास, ते आता उद्या बोर्डावरच पाहा, काका.”

तारानं रडणं गिळलं. मशीनची चूक होती, म्हणजे बाबांचं ते बोलणंही चुकीनंच झालेलं. ते आता परत घेतलं तर? तिनं बापाकडे पाहिलंच नाही. जागेश्वर तिला सायकलवर मागे बसवून घरी घेऊन आला.

उमरेडचे पाहुणे येऊन ओसरीवर बसले होते. पाण्याचे पेले त्यांच्या हातात होते. जागेश्वरनं सायकल भिंतीला लावली, टोपी काढली आणि हात जोडले.

“माफी करा, पाव्हणे. पोरगी शिकणार हाय.”

“म्हंजे पास झाली म्हणा की!”

“ते उद्या समजन. पास होवो का नापास, शिकणार हाय.”

पाहुण्यांनी पेले खाली ठेवले. आत अनुसयानं लेकीचा हात घट्ट धरला. ती कुजबुजत म्हणाली, “हे काय झालं वं, तारे? निकाल लागला का नाही?”

“माहा उद्या लागते, माय,” तारा म्हणाली. “बाबाचा आज लागला. बाबा पास झाले.”