दोनदा, पण एकदम

माऊस उचलायचा असतो की सरकवायचा, हे आलापल्ली मागे पडली तरी गुणवंतरावांच्या डोक्यात बसत नव्हतं.

"सरकवायचा, सर," तहसीन मॅडम म्हणाल्या. "उचलला तर स्क्रीनवर काहीच होत नाही."

"आणि टेबल संपलं तर?"

"तर उचलायचा."

गुणवंतरावांनी एसटीच्या खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सागाचं जंगल होतं आणि त्याला यातलं काहीही यावं लागत नव्हतं.

अहेरीच्या कॉलेजात गुणवंतराव इतिहास शिकवत, तहसीन मॅडम रसायनशास्त्र. साल २००३. प्राध्यापकांनी वर्गात इंटरनेट कसं वापरावं याचं प्रशिक्षण विद्यापीठाने गडचिरोलीत ठेवलं होतं आणि त्यासाठी हे दोघं निघाले होते. मॅडमनी चंद्रपूरला माहेरी असताना कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. गुणवंतरावांनी कॉम्प्युटर पाहिला होता. प्राचार्यांच्या केबिनमध्ये, कव्हर घातलेला.

ते प्राचार्य आता निवृत्त होत होते. खुर्चीसाठी दोन नावं होती: गुणवंतराव आणि कॉमर्सचे भूपेश सर, ज्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर ईमेलचा पत्ता होता. त्या पत्त्यावर कधी काही आलं होतं की नाही, हे कोणी विचारत नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष गुणवंतरावांना म्हणाले होते, "गडचिरोलीचं प्रशिक्षण नीट पार पाडा. मी स्वतः येऊन पाहीन. तिथं फजिती झाली, तर मग भूपेश आहेच."

तेव्हापासून गुणवंतरावांना जेवण जात नव्हतं.

मॅडमनी सरावासाठी साबणाची डबी आणली होती. गुणवंतराव ती मांडीवरच्या ब्रीफकेसवर सरकवत होते.

"आता डबल क्लिक. बोटानं दोनदा टकटक. पण एकदम."

"दोनदा की एकदम?"

"दोनदा, पण एकदम."

गुणवंतरावांनी डोळे मिटले. दोनदा, पण एकदम घडलेली गोष्ट त्यांना अख्ख्या इतिहासात आठवेना.

आष्टीला देवकाबाई नावाची कोळीण मासळीची टोपली घेऊन चढली आणि समोरच्या सीटवर बसली. थोडा वेळ तिने त्यांची टकटक पाहिली.

"काऊन जी मास्तर, का आहे डबीत? मघापासून घासूनच राह्यले."

"माऊस," गुणवंतराव म्हणाले.

"मास?" देवकाबाईने डबीकडे निरखून पाहिलं. "मंग झाकण घट्ट लावा जी. उन्हात वास सुटते."

गाडीतले लोक हसले. गुणवंतरावांनी झाकण घट्ट लावलं.

"मॅडम, वेबसाइट आणि वेबपेज यात फरक काय, असं कोणी विचारलं तर?"

"वेबसाइट म्हणजे पुस्तक. वेबपेज म्हणजे पान."

"मग पुस्तक ठेवलेलं कुठे असतं?"

"हे कोणी विचारत नाही, सर. सगळे घाबरलेलेच राहतात."

"तुम्ही नाही घाबरल्या?"

"मले काय भीती? तुमचं जमलं तर माझंही जमते."

चामोर्शीला गाडी थांबली. गुणवंतरावांनी चहा घेतला आणि तो न पिताच ठेवून दिला. शेजारी अहेरीची गाडी लागली होती. कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. गुणवंतराव सहज चालत गेल्यासारखे तिकडे गेले आणि त्यांनी पायरीवर एक पाय ठेवला.

"सर, ती आपली गाडी नाही!" खिडकीतून मॅडम ओरडल्या.

"जागा आहे का ते पाहत होतो."

"तिकडे भूपेश सरही त्याच गाडीची वाट पाहून राहिले असतील."

गुणवंतरावांनी पाय काढून घेतला.

गडचिरोलीत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग होता. आत एसी होता आणि देवळातल्यासारखी शांतता होती. वडशापासून जिवतीपर्यंतचे प्राध्यापक हात मागे बांधून उभे होते, चुकून कशाला लागू नयेत म्हणून. गुणवंतरावांनी शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरली. मॅडम बाजूला बसल्या.

पुढचे वडशाचे एक प्राध्यापक वळून हळूच म्हणाले, "तुम्हाले येते का जी यातलं काही?"

"माऊस उचलायचा नसतो," गुणवंतराव म्हणाले.

"बरं झालं सांगितलं. मी उचलूनच धरला असता."

गुणवंतरावांना सकाळपासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं. पण तेवढ्यात दारातून संस्थेचे अध्यक्ष आले, मागून विद्यापीठाचे दोन अधिकारी आले आणि तिघं पहिल्या रांगेत बसले. अध्यक्षांनी मागे वळून नजरेने त्यांना शोधून काढलं. गुणवंतराव खुर्चीतून अर्धे उठले.

"मॅडम, मी जरा बाहेर जाऊन येतो."

"आत्ताच जाऊन आले ना, सर."

एवढ्यात यजमान कॉलेजचे श्रीहरी सर खुर्च्यांमधून वाट काढत आले. "सर, तुम्ही इथी काऊन बसले? समोर या ना."

"इथून दिसतं मला."

"तुम्हाले दिसते जी. पण साहेब विचारून राह्यले." त्यांनी गुणवंतरावांचा दंड धरला.

गुणवंतरावांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी वहीचं कोरं पान उघडलं होतं. "जा सर," त्या पुटपुटल्या. "आणि सावकाश."

पहिल्या रांगेपर्यंतची वाट फार लवकर संपली. कोणीतरी त्यांच्या हातात गुच्छ दिला. अध्यक्ष हसले नाहीत. श्रीहरी सरांनी माईकवर फुंकर मारली.

"मित्रहो, इंटरनेट हा विषय आपल्या सगळ्यांनाच नवीन. म्हणून विद्यापीठाने माणूस निवडताना कुणावर अन्याय होऊ दिलेला नाही. आजपासून आपल्याला इंटरनेट शिकवणार आहेत, सेवाज्येष्ठतेनुसार, प्राध्यापक गुणवंतराव बोरकुटे."