टेकडीवरचं उखळ

“पुन्हा वाच,” सासूबाई म्हणाल्या. “आणि या खेपेला जरा आभाळाकडे बघून वाच.”

हापशावर हशा पिकला. फाइनेसीनं वर पाहिलंच नाही. आभाळ निळंभोर आहे हे तिला पहाटेपासून ठाऊक होतं. पाठीवर कापडात बांधलेल्या पोरानं कूस बदलली. तिनं फोन डोळ्यांसमोर धरला आणि जिल्ह्याचा रोजचा पावसाचा अंदाज आणखी मोठ्यानं वाचला. मुलांजेच्या डोंगरात रात्रभर अतिवृष्टी. शिरेला येऊन मिळणारी रूओ नदी फुगली आहे. आज संध्याकाळनंतर शिरे नदीकाठच्या सखल गावांत पाणी शिरण्याची शक्यता. लोकांनी उंचावर जावं.

“मुलांजेत पाऊस पडला तर मुलांजेवाल्यांनी पळावं,” सायकलवरून गिऱ्हाइकं नेणारा बिनोती म्हणाला. “आपण कशाला?”

“पाणी काय तिथंच बिऱ्हाड करून राहणार आहे, बिनोतीभाऊ? उतरून आपल्याकडेच येणार.”

“मागच्या दोन खेपांनाही येणारच होतं की.”

दोन्ही वेळा अंदाज तिनंच वाचला होता, सगळे शाळेच्या टेकडीवर गेले होते, आणि पाणी चढलं ते पलीकडच्या काठाला. दुसऱ्या खेपेला सासूबाईंची गाभण शेळी चोरीला गेली, तीही टेकडीवरूनच.

“कॉलेजात हेच शिकवलं का गं? कोरड्या आभाळातून पूर काढायला?” सासूबाईंनी बादली डोक्यावर घेतली. “भीती वाटते तर पोराला घेऊन जा तू. मी माझ्या दारातच निजणार.”

“तुम्हाला सोडून मी जाणार नाही, आई.”

“मग नको जाऊस.”

नवरा उसाच्या मळ्यावर होता. निघताना त्यानं आईला तिच्या हवाली केलं होतं. आईला हे कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

दुपारी फाइनेसी काठावर जाऊन आली. पाणी कालच्याएवढंच होतं, पण लाल झालं होतं. मधूनच एखादं अख्खं झाड मुळांसकट वाहत जाई. ती घरी आली आणि अंगणात उभी राहिली. मधोमध उखळ होतं, झाडाचा बुंधा पोखरून केलेलं, कमरेएवढं. रोजच्या न्सिमाच्या घट्ट उकडीसाठी शेजारच्या सगळ्या घरांचा मका त्यातच कुटला जाई. सासूबाई या घरात आल्यापासून ते जागचं हललं नव्हतं. उखळ अंगणाबाहेर गेलं की घर मोडलं, असं सगळेच मानत. फाइनेसीसुद्धा.

तिनं ते आडवं पाडलं.

आवाज ऐकून सासूबाई बाहेर धावल्या. “ए बाई! कोण मेलंय म्हणून उखळ काढतेस?”

“कोणी मरू नये म्हणून काढतेय.”

“घर मोडतेस माझं!”

“मोडू दे. वर नेऊन मांडते. ज्यांना रात्री न्सिमा खायची आहे त्यांनी मका घेऊन टेकडीवर यावं.”

उखळ गडगडत वाटेला लागलं. लोक दारादारांतून बाहेर आले. बिनोतीनं सायकलची घंटी वाजवली. “बाजूला व्हा रे! वहिनी उखळाला फिरायला नेतायत!” हात मात्र कोणी लावला नाही. चढावर ते उलटं घरंगळलं आणि तिच्या नडगीचं साल निघालं. पोर रडायला लागलं. तीही रडली असती, पण खालून सगळं गाव बघत होतं.

उन्हं कलली तशा शेजारणी वर आल्या. डोक्यावर मक्याच्या पाट्या, कडेवर पोरं, मागे दोरीला शेळ्या.

“आम्ही पुराला भिऊन नाही आलो हं,” पहिलीनं आल्या आल्या सांगून टाकलं. “कुटायला आलोय.”

“कुटा की,” फाइनेसी म्हणाली. “सावकाश कुटा.”

“आणि कुटायचं कशानं? कपाळानं?”

मुसळ खालीच राहिलं होतं. बाया पोट धरधरून हसल्या. फाइनेसी हसली नाही. ती वाटेकडे बघत होती. वाट कधीची रिकामी होती.

मग वळणावर आधी मुसळाचं टोक दिसलं. ते काठीसारखं टेकत, धापा टाकत सासूबाई चढत होत्या. वर आल्यावर मागे वळून त्यांनी नदीकडे पाहिलं. मग सुनेच्या नडगीकडे. मग उखळाच्या काठाला धरून ते हलवून बघितलं.

“इथं डुगडुगतंय,” त्या म्हणाल्या. “आणखी वर घे.”