सरांचा पहिला डोस

दाराबाहेर औषध कंपनीचा मालक उभा आहे हे दिसल्यावर काकूंनी दार पुरतं उघडलंच नाही. त्याला उंबऱ्यावरूनच हाकलायचं, आणि हाकलताना काय काय सुनावायचं, हे त्यांचं केव्हाच ठरलेलं होतं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना त्यांनी ते इतक्यांदा घोकलं होतं, की नाटकात काम मिळालं असतं तर एक शब्द इकडचा तिकडे झाला नसता. पण तोंड उघडायच्या आत खिडकीजवळच्या खुर्चीतून सरांचा आवाज आला.

"कोण? उंदीरमामा? अरे, आत ये की लेका."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी चहा देताना सरांनी त्यांना विचारलं होतं, बाई, उशीर झाला, तुम्हाला घरी नाही का जायचं? लग्नाची बायको झाली बाई, आणि हा मेला बरोबर ओळखीचा!

उंदीरमामा आत आला. मागोमाग औषधाची थंड पेटी घेऊन एक नर्स आली. सरांच्या प्रयोगशाळेत तो उमेदवारी करत होता तेव्हा उंदरांना सुई टोचायचं काम त्याच्याकडे असे, तेव्हापासूनचं हे नाव. आता त्याची स्वतःची इमारत होती, शेकडो माणसं हाताखाली होती, आणि त्याला या नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती. नर्सनं हसू दाबलं.

तो स्टूल ओढून सरांच्या पायाशी बसला. सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, जेवलास का विचारलं, पिंजऱ्यांत पाणी ठेवलंस का तेही विचारलं. तो सगळ्याला हो म्हणाला. मग खालच्या आवाजात काकूंना सांगू लागला. बाहेरच्या देशांतली औषधं आपल्याकडे येईपर्यंत पेशंट संपतो, म्हणून हे इथंच तयार केलंय. या विसरण्याच्या रोगावरचं आपल्याकडचं पहिलंच औषध. आपल्या त्या प्रथिनावर बेतलेलं. सरांना द्यावं अशी फार इच्छा आहे.

आपल्या! प्रथिन सरांचं होतं. मेंदू झडायला लागण्याआधी त्यात काय बिघडतं, हे सरांनी अर्धं आयुष्य घालवून शोधलं होतं. शोध नेमका कुणाचा असा वाद उठला, तेव्हा चौकशी समितीपुढे हाच उभा राहिला आणि मान खाली घालून, आवाज घोगरा करून म्हणाला, सरांचा दोष नाही, त्यांना हल्ली आठवत नाही. शोध याच्या नावावर गेला. तेव्हा सरांना सगळं आठवत होतं. अगदी सगळं. रोग आला तो कितीतरी वर्षांनी, आणि आला तेव्हा लोक म्हणाले, बघा, तो पोरगा खरंच बोलला होता.

उंदीरमामानं डोळे पुसले. "काकू, सरांनी मला माफ केलं."

"माफ नाही केलं," काकू म्हणाल्या. "विसरलेत."

त्यानं बॅगेतून संमतीचा कागद काढला, पण पुढे करायला धजेना. काकू तो फाडणार हे त्याला कळत होतं, आणि काकूही फाडणारच होत्या. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, हे लागू पडतं का रे खरंच? झालं, गड्याची जीभ सुटली. आधी नावं परत येतात म्हणाला, मग चेहरे. मग जुनं जुनं वर यायला लागतं. एका आजोबांना तर अख्खेच्या अख्खे प्रसंग आठवले, कोण कुठं बसलं होतं इथपर्यंत.

"समितीतला दिवस येईल परत?"

तो कागदाच्या कडा सरळ करू लागला.

काकूंनी सरांकडे पाहिलं. त्या दिवसानंतर सर कितीतरी रात्री छताकडे बघत पडून राहत. विसरायला लागले तेव्हा कुठं शांत झोपू लागले. आता ते सगळं उकरून काढायचं म्हणजे त्यांचीच झोप उडवायची. काकूंना हे कळत होतं. औषध लागू पडलं तर आपल्यालाही ओळखतील, हेही होतंच. पण खरं सांगायचं तर ते त्यांना सही करून झाल्यावर सुचलं.

नर्सनं सुई भरली तशा काकू म्हणाल्या, "तिनं नाही. तू दे."

"माझी सवय मोडलीय, काकू. सिस्टर येत जाईल दर वेळी."

"दर वेळी तूच यायचंस. त्यांना आठवेल त्या दिवशी तू समोर हवास."

उंदीरमामानं नर्सकडे पाहिलं, मग दाराकडे. काकू मध्येच उभ्या होत्या. सरांची बाही त्यांनीच वर सारली आणि दंड नीट त्याच्यापुढे धरला. सुई कातडीपाशी आली आणि तिथंच थरथरत राहिली.

सर वाकून बघत होते. त्यांनी मोकळा हात हळूच त्याच्या मनगटावर ठेवला.

"हात कापतोय तुझा," ते मायेनं म्हणाले. "किती वेळा सांगितलं? उंदरालाही कळतं रे."