थंडीचे लाडू

स्वयंपाकघरात तुपात डिंक फुलत होता. त्याचं तडतडणं आतल्या खोलीत शर्वरीला ऐकू येत होतं. दसराही व्हायचा होता अजून. पंख्याखाली पडूनही तिला घामाच्या धारा लागल्या होत्या.

बाळ जन्मतःच गेलं आणि ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली. कंबर ठणकत होती, उठताना भिंत धरावी लागत होती. पण माहेरी आई नव्हती, आणि ज्या घरात पाळणाच हलला नाही तिथे बाळंतिणीची शेकशेगडी कुणाकडे मागायची? तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता.

"अहो, डिंकाचे लाडू आणि आत्ता?" शेजारच्या कुमुदकाकू दारातूनच म्हणाल्या. "ते थंडीत करायचे, नाहीतर बाळंतिणीला. थंडी कुठे पडलीय अजून?"



"आमच्याकडे पडलीय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

मग त्या शर्वरीच्या उशाशी येऊन बसल्या. एक कोमट लाडू तिच्या हातावर ठेवला. आणि त्या भर उकाड्यात आपल्या मऊ सुती रुमालानं तिचे दोन्ही कान घट्ट बांधले, बाळंतिणीचे बांधतात तसे.